दीडशे पिक्सेलांतला रंकाळा

कोल्हापुरात ज्यांच्या हाताखाली मी पहिल्यांदा कुंचला धरला, त्या चित्रकलेच्या निवृत्त शिक्षकांची निवडक निसर्गचित्रे त्यांच्या नावाने उघडलेल्या संकेतस्थळावर चढवून मी मोठ्या समाधानाने संगणक त्यांच्यापुढे सरकवला, तेव्हा सरांनी चष्मा पुसून बराच वेळ पडद्याकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, "अरे, माझा संध्यामठ कुठं गेला?"

चित्र रंकाळ्याचे होते. उंचीच्या तिप्पट रुंदीचा कागद. डाव्या अंगाला पावसाळ्यात अर्धा बुडालेला संध्यामठ, उजवीकडे झाडीतून डोकावणारा शालिनी पॅलेस, आणि या दोहोंच्या मध्ये दूरवर पसरलेले करडे पाणी. संकेतस्थळ ज्या वर्डप्रेस प्रणालीवर उभे होते, ती प्रत्येक चित्राची एक छोटी प्रत आपण होऊन तयार करते. थंबनेल म्हणतात ती हीच. तिचे मूळ ठरलेले माप दीडशे पिक्सेल रुंद आणि तितकेच उंच असून, चित्र त्या चौरसात बसत नसेल तर त्याच्या कडा छाटून मधला भाग तेवढा ठेवला जातो. तिपटीच्या रुंदीच्या चित्राचा या हिशेबाने मधला तिसरा हिस्सा उरतो. संध्यामठ गेला होता, पॅलेस गेला होता. उरले होते पाणी, आणि पाण्याखाली सरांचे नाव.

वधूवरांच्या छायाचित्राची कड छाटली तर मांडवाचा एखादा खांब जातो. चित्रकाराचे तसे नसते. कागद कोठे संपवावा हा त्याने पहिल्या रेषेआधी घेतलेला निर्णय असतो, आणि डावीकडचा दगडी भार उजवीकडच्या हलक्या झाडीने तोलण्यासाठी मध्ये किती पाणी सोडावे, याचा विचार करण्यात सरांसारख्या माणसाची अख्खी सकाळ गेलेली असते. तो तोल एका यंत्राने कोणास न विचारता मोडावा, हे मला त्या दिवशी असह्य वाटले. आणि चित्रकारांसाठी विनामूल्य प्लगइन लिहिण्याच्या ज्या उद्योगात माझी पुढली कैक वर्षे, सुट्ट्या आणि दिवाळ्या धरून, खर्ची पडली, त्याचा आरंभ त्या प्रश्नापासून झाला.

विनामूल्य का, याचेही कारण सरांच्याच घरात होते. त्यांच्या मुलाने पूर्वी एका परदेशी कंपनीची मासिक भाड्याची सेवा घेऊन त्यांचे चित्रदालन उभारले होते. कार्डाची मुदत संपली, भाडे थकले, सूचनेची पत्रे मुलाच्या जुन्या पत्त्यावर जात राहिली, आणि एके सकाळी दालनाच्या जागी एक कोरे पान आले. मूळ चित्रे सरांच्या माडीवर सुखरूप होती. परंतु प्रत्येक चित्राखाली त्यांनी स्वतः लिहिलेल्या टिपा, कोणत्या ऋतूत, कोणत्या घाटावर बसून, कोणत्या कागदावर ते काढले याचा तपशील, त्याची नक्कल कोठेही नव्हती. भाड्याच्या भिंतीवर चित्र टांगावयाचे तर खिळा आपला असून भागत नाही.

वर्डप्रेसची कुळकथा येथे आटोपती घेतो. २००१ साली मिशेल वाल्द्रिगी या कॉर्सिकातील तरुणाने बी-टू नावाची लेखनप्रणाली लिहिली. तिचे काम थंडावल्यावर २००३ साली अमेरिकेतील मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडातील माइक लिटल यांनी तिची शाखा फोडून वर्डप्रेस निर्माण केले. २००४ च्या मे महिन्यातील १.२ या आवृत्तीत प्लगइनची योजना आली, २०१८ अखेरच्या ५.० मध्ये मजकूर ठोकळ्या-ठोकळ्यांनी रचण्याची सोय आली, आणि आज जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे या एका प्रणालीवर चालतात.

प्लगइनची युक्ती मात्र मला आजही इतकी सुंदर वाटते की तिच्यापाशी क्षणभर थांबल्यावाचून पुढे जाववत नाही. जुन्या कचेरीत एखादा कागद अव्वल कारकुनाकडून मामलेदाराकडे जाताना वाटेतल्या ज्या ज्या टेबलावर थांबे, तेथे त्यावर शेरा मारण्याची किंवा मजकुरात दुरुस्ती सुचवण्याची मुभा असे. वर्डप्रेसही पान तयार करताना शेकडो ठिकाणी असेच थांबते आणि विचारते, येथे कोणास काही करावयाचे आहे काय? या थांब्यांना हुक म्हणतात. ज्याने त्या थांब्यावर आपले नाव आगाऊ नोंदवले असेल, त्याच्या हाती कागद जातो. काही थांबे केवळ काम करण्याची संधी देतात, त्यांस ॲक्शन म्हणतात. काही थांबे एखादी वस्तू हाती देऊन ती पालटून परत मागतात, त्यांस फिल्टर म्हणतात. मूळ प्रणालीच्या एका अक्षरासही हात न लावता तिची वर्तणूक बदलता येते ती या व्यवस्थेमुळे. आणि कोल्हापुरात माडीवर बसून लिहिलेल्या चार ओळी जगाच्या कोणत्याही टोकाच्या चित्रकाराच्या कामी येऊ शकतात, त्याही याचमुळे.

चौरस छाटणी बंद करण्यास एक ओळ पुरली. खरा प्रश्न त्यानंतर उभा राहिला. चित्रे छाटावयाची नाहीत, तर निरनिराळ्या आकारांची चित्रे एका पानावर मांडावयाची कशी? वरून खाली वाढणाऱ्या समान रुंदीच्या स्तंभांत विटांसारखी चित्रे रचण्याची, मेसनरी नावाची, एक पद्धत फार लोकप्रिय आहे. मला ती पटत नाही. तीत क्रम हरवतो. १९८२ चे चित्र कोणते आणि १९९० चे कोणते हे पाहणाऱ्याच्या डोळ्यास उमगत नाही, आणि चित्रकाराच्या हाताची वाढ ज्या क्रमातून दिसावयाची तो क्रमच उलटापालटा होतो. म्हणून मी ओळींची रचना स्वीकारली: एका ओळीतील सर्व चित्रांची उंची समान, रुंदी ज्याची त्याची, आणि ओळीची दोन्ही टोके सरळ.

हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल असा आहे. पानाची रुंदी १२०० पिक्सेल धरा. ओळीत चार चित्रे आहेत. पहिले आणि चौथे उंचीच्या दीडपट रुंद, मधली दोन उभी, उंचीच्या पाऊणपट रुंद. या गुणोत्तरांची बेरीज साडेचार. चित्रांमधल्या तीन फटी दहा-दहा पिक्सेलांच्या, त्या वजा जाता ११७० उरतात. त्यांस साडेचारांनी भागले की ओळीची उंची येते २६०. मग पहिले चित्र ३९० रुंद, पुढली दोन १९५ ची, शेवटचे पुन्हा ३९०. बेरीज करून पाहा, फटी धरून बरोबर १२००. कोणत्याही चित्राचा केसभर भाग न गमावता ओळ भरते. हे उत्तर कागदावर प्रथम जुळले ती रात्र मला स्पष्ट आठवते.

पण ओळ कोठे तोडावयाची? प्रत्येक ओळ भरली की पुढली सुरू करावी, असा भाबडा नियम केला की काही ओळी बुटक्या होतात, काही राक्षसी. येथे मला सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यातले जुळारी आठवले. शाळेच्या सुटीत मी त्यांच्यापाशी तासन्‌तास उभा राही. खिळे जुळवताना ओळ सैल पडू लागली तर शब्दांमध्ये शिशाच्या मिश्रधातूची एखादी पातळ पट्टी जास्त सरकवावी, घट्ट होऊ लागली तर एखादी काढावी, आणि एवढ्यानेही भागले नाही तर मागल्या ओळीतला शब्द खाली उतरवावा, हे सारे ते बोटांनीच ठरवीत. या बोटांच्या शहाणपणास डोनाल्ड कनूथ आणि मायकेल प्लास या दोघांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात गणिताचे रूप दिले आहे. त्यांचे म्हणणे असे की ओळ एकेकटी तोडू नये. सबंध परिच्छेद एकदम दृष्टीपुढे घ्यावा, ओळ जितकी बेढब तितके तिच्या नावे दोष मांडावे, आणि सर्व ओळींच्या दोषांची बेरीज जेथे किमान होईल तेथे तोडी घालाव्या. शब्दांच्या जागी चित्रे ठेवली की हीच रीत आमच्या कामी येते. इष्ट उंचीपासून ओळ जितकी ढळेल तितका तिचा दोष. अखेरची ओळ मात्र ताणावयाची नाही, उरलेली जागा परिच्छेदाच्या शेवटासारखी मोकळी सोडावयाची. छापखान्याची ती विद्या चित्रदालनात अशी उपयोगी पडावी, याचा आनंद मला कोणत्याही पारितोषिकाने झाला नसता.

सरांना मांडणी आवडली, आणि त्यांनी लगेच दुसरे व्यंग दाखवले. "हे पोस्टकार्ड आहे, आणि हे सहा फुटी कॅनव्हास. तू दोघांना एका उंचीचं केलंस."

हा आक्षेप छाटणीहून खोल होता. पडद्यावर चित्राचे माप नाहीसे होते. कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील संग्रहालयात आबालाल रहिमानांच्या कामापुढे प्रथम उभा राहिलो त्या वेळी मला काय जाणवले होते? छापील पुस्तकात पाहून मनाशी जे माप धरले होते ते साफ चुकले होते, आणि चित्रापासून किती पावलांवर उभे राहावे हे पाय आपण होऊन ठरवीत होते. ते अंतर पडद्यावर आणता येत नाही. निदान त्याची नोंद तरी असावी, म्हणून प्लगइनमध्ये शीर्षक, वर्ष आणि माध्यम यांबरोबर उंची व रुंदी सेंटिमीटरांत लिहिणे मी सक्तीचे केले. त्या आकड्यांवरून चित्र उघडताच त्याच्या शेजारी उभ्या माणसाची फिकट आकृती त्याच प्रमाणात उमटते. पोस्टकार्डापुढे ती प्रचंड दिसते, कॅनव्हासपुढे बेताची. प्रदर्शनात विकल्या गेलेल्या चित्राच्या पट्टीवर लावतात ती लाल टिकलीही सरांच्या आग्रहाखातर आली. किमतीचा रकाना मात्र त्यांनी मला घालू दिला नाही.

रंगांच्या कथेत तीन आठवडे गेले. सरांचे पळसाचे एक चित्र आहे, ज्यातला लाल पाहून डोळे क्षणभर मिटावेत. यादीतल्या छोट्या प्रतीत तो लाल विटकरी दिसे. चित्रावर टिचकी मारून मूळ प्रत उघडली की पुन्हा पेटलेला. चूक डोळ्यांची, पडद्याची की कॅमेऱ्याची हे कळेना. अखेर कारण सापडले. अलीकडचे कित्येक फोन नेहमीच्या एसआरजीबीपेक्षा अधिक विस्तृत रंगक्षेत्रात छायाचित्र घेतात आणि आकडे कसे वाचावे याची चिठ्ठी, म्हणजे रंगाचे प्रोफाइल, त्या फाइलमध्येच ठेवतात. वर्डप्रेसकडे छोट्या प्रती करणारे दोन कारागीर असतात. इमॅजिक उपलब्ध असेल तर तो चिठ्ठी जपतो. स्वस्त सर्व्हरवर तो नसला की काम जीडीकडे जाते आणि जीडीच्या हातून चिठ्ठी गळून पडते. मग ब्राउझर तेच आकडे एसआरजीबी समजून वाचतो आणि पळस विझतो. सर्व्हर बदलणे चित्रकाराच्या हाती नाही, म्हणून चित्र चढवण्यापूर्वी त्याच्याच ब्राउझरमध्ये रंगांचे रूपांतर करून घेण्याची तजवीज मी केली. जेपीईजीचा दर्जाही वर्डप्रेसच्या नेहमीच्या ८२ वरून ९० वर नेला, कारण संध्याकाळच्या आकाशातल्या मंद उतरत्या छटा ८२ वर कित्येकदा पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसू लागतात.

आमच्या आजीच्या देवघरात राजा रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी होती. १८९४ साली गिरगावात निघालेला आणि पुढे मळवलीस गेलेला तो छापखाना. एकेका रंगास स्वतंत्र दगड, एक दगड केसभर सरकला की देवीच्या ओठांचा रंग गालावर यायचा. तैलरंगातली मूळ चित्रे राजवाड्यांत राहिली आणि हे कागद चाळीतल्या खोल्यांपर्यंत पोचले. प्रत मूळ चित्राहून उणी असते हे मान्य करूनही ती प्रामाणिक असावी म्हणून दगडांपाशी झिजणाऱ्या त्या अनाम कारागिरांविषयी, पळसाच्या त्या तीन आठवड्यांत, मला फार जवळीक वाटू लागली.

वर्डप्रेसच्या अधिकृत प्लगइन-संग्रहात नोंद करावयाची तर काही कलमे पाळावी लागतात आणि ती मला योग्य वाटतात. कोड माणसाला वाचता येईल असाच हवा. पाहणाऱ्याचा माग त्याच्या संमतीवाचून काढता येत नाही. आणि संग्रहात ठेवलेल्या कोडातले एखादे अंग कुलूपबंद करून पैसे दिल्यावर उघडावयाचे, असे करता येत नाही. पहिल्या तपासणीत आमचा अर्ज परत आला: वापरणाऱ्याने लिहिलेला मजकूर पानावर उमटवण्यापूर्वी मी सर्वत्र निर्धोक करून घेतला नव्हता, आणि माझ्या काही फलनांची नावे इतकी सामान्य होती की दुसऱ्या प्लगइनशी टक्कर झाली असती. दोन्ही आक्षेप रास्त होते.

संग्रहातले सारे जीपीएल या परवान्याशी सुसंगत असावे लागते. त्याची दुसरी आवृत्ती १९९१ ची. तो लेखकाचा स्वामित्वहक्क नाहीसा करीत नाही. त्याच हक्काच्या बळावर वापरण्याची, अभ्यासण्याची, पालटण्याची आणि वाटण्याची मुभा सर्वांना देतो. चित्रकाराचा हक्कही आपल्याकडे १९५७ च्या कायद्याने त्याच्या हयातीनंतर साठ वर्षे टिकतो, आणि नुसते चित्र विकल्याने तो विकला जात नाही. हस्तांतराला सहीनिशी लेखी दस्तऐवज लागतो. हे ठाऊक नसलेले चित्रकार मला इतके भेटले की त्याची चार ओळींची माहिती मी प्लगइनच्या मदतीच्या पानावर घातली आहे. उजवी टिचकी बंद करून चोरी रोखण्याची मागणी मात्र मी नाकारली. पडद्यावर दिसणारे चित्र पाहणाऱ्याच्या यंत्रात आधीच पोचलेले असते. रक्षणाचा आभास देणे मला अप्रामाणिक वाटते.

प्लगइन काढून टाकल्यावर काय, हा प्रश्न मी स्वतःस पहिल्या दिवसापासून विचारीत आलो, कारण ते कोरे पान मी पाहिले होते. चित्रे वर्डप्रेसच्या सामान्य माध्यमसंग्रहातच राहतात. टिपांची सारी नोंद एका टिचकीसरशी साध्या तक्त्यात उतरवून घेता येते. आणि प्लगइन हटवले तरी चित्रकाराने स्पष्ट संमती दिल्यावाचून दप्तरातली एकही ओळ पुसली जात नाही.

गेल्या पावसाळ्यात कोल्हापुरास गेलो तेव्हा सर माडीवर जमिनीवर बसले होते, शेजारी शिंप्याची फीत, आणि पुढे चित्रांची चळत. माप लिहिल्यावाचून नोंद पुढे सरकत नाही, म्हणून ते एकेक चित्र मोजून वहीत उतरवीत होते. मी फीत धरली, त्यांनी आकडे लिहिले. मापे घेता घेता ते प्रत्येक चित्राची जागा आणि वेळ सांगत, आणि मी ते शब्द चित्राच्या वर्णनाच्या रकान्यात घाली. दृष्टिहीन वाचकाला यंत्र जे वाचून दाखवते ते याच रकान्यातले. रंकाळ्याच्या चित्रापाशी आलो तेव्हा त्यांनी सांगितले, "लिही, आषाढ, सकाळी सहा, डावीकडं संध्यामठ, अर्धा पाण्यात." दिवे लागेपर्यंत एकेचाळीस चित्रे झाली. चळत अजून बरीच उरली होती.