मागील चाकांचे अडकलेले ब्रेक-ड्रम कसे काढावे ?

शेतमाल बाजारीं नेण्याचें काम पूर्वीं बैलगाडी करी. आज तें बहुतेक ठिकाणीं पिकअप् गाडीकडे आलें आहे. टाटांची ‘मोबाईल’ १९८८ सालीं निघाली, महिंद्रांची ‘बोलेरो’ २००० सालीं निघून तिची पिकअप् मागाहून आली, आणि टाटांची लहान ‘एस्’ गाडी २००५ सालीं रस्त्यावर आली. यांपैकीं कित्येक गाड्या दहा-पंधरा वर्षें राबून आज शेतकऱ्यांच्या दारांत उभ्या आहेत. बैलगाडीची निगा शेतकऱ्यास पिढीजात ठाऊक असते. आंसास वंगण केव्हां द्यावें, सैल झालेली धाव केव्हां आवळून घ्यावी, हें त्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. मोटारगाडीचा मागील ब्रेक मात्र झांकलेला असल्यामुळें त्याजकडे वर्षानुवर्षें कोणी पाहत नाहीं. आणि पाहण्याची वेळ येते तेव्हां झांकणच निघत नाहीं. मग घण मागविला जातो, दोन माणसें आळीपाळीनें घाव घालतात, आणि ड्रम निघण्याऐवजीं फुटतो. हा प्रसंग टाळतां येण्याजोगा आहे. ड्रम कशामुळें अडकला आहे हें आधीं ओळखावें व मग हत्यार हातीं घ्यावें, एवढेंच आम्हांस या लेखांत सांगावयाचें आहे.

मागील ब्रेकची रचना

या गाड्यांच्या मागील चाकांच्या आंत बिडाचें एक वाटोळें, उथळ भांडें असतें. त्यासच ड्रम म्हणतात. तो चाकाबरोबर फिरतो. त्याच्या पोटांत अर्धचंद्राकृति दोन शू असून त्यांच्या पाठीवर लायनर बसविलेले असतात. पायानें ब्रेक दाबला म्हणजे तेलाच्या दाबानें एका लहान सिलिंडरमधील दट्टे शूंना बाहेर ढकलतात, व लायनर ड्रमच्या आंतील अंगास घांसून चाक थांबतें. हँडब्रेक ओढला म्हणजे हेंच काम तारेच्या केबलनें होतें. ही रचना नवी नव्हे. फ्रान्समधील लुई रेनॉ यानें १९०२ सालीं ती मोटारीस लावली, आणि तिचें मूळ रूप अजून फारसें बदललेलें नाहीं.

मागील ब्रेकचें महत्त्व रिकाम्या गाडींत कळत नाहीं. गाडी भरली म्हणजे बोजा मागील आंसावर येतो, आणि हँडब्रेक तर या गाड्यांत केवळ मागील चाकांसच धरतो. कांद्यानें भरलेली गाडी कसारा घाटाच्या उतारावर उभी करावी लागली, तर तिला व तिच्यापुढें उभ्या असलेल्या माणसाला मुख्यत्वें हे दोन ड्रमच राखतात. तेव्हां ते निघत नाहींत म्हणून तसेच राहूं देणें हा काटकसरीचा मार्ग नव्हे.

कामाची तयारी

गाडी रिकामी करून सपाट व कठीण जमिनीवर घ्यावी. नांगरटीवर किंवा ओल्या मातीवर जॅक लावूं नये. पुढील दोन्ही चाकांस पुढून व मागून मोठे दगड लावावे. कारण या कामांत हँडब्रेक सोडावा लागतो व गाडी गिअरमधूनहि काढावी लागते, म्हणजे तिला धरून ठेवणारें दुसरें कांहीं उरत नाहीं. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतांनाच किंचित् सैल करावे. गाडी उचलल्यावर आंसाखालीं लोखंडी घोडी लावून बोजा तिच्यावर घ्यावा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखालीं कोणीहि जाऊं नये. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे भाराखालीं एकाएकीं फुटतात, म्हणून त्यांचाहि आधार घेऊं नये.

एका वेळीं एकाच बाजूचें काम करावें. दुसरी बाजू जशीच्या तशी राहिली म्हणजे कोणती स्प्रिंग कोठें होती याविषयीं शंका आल्यास तिकडे पाहून खात्री करतां येते.

चाक काढल्यावर ड्रमचें तोंड तारेच्या ब्रशानें स्वच्छ करावें. कांहीं गाड्यांत ड्रम एक-दोन बारीक स्क्रूंनीं आंसाच्या चकतीस धरलेला असतो, व चिखल आणि गंज यांखालीं ते स्क्रू दिसत नाहींत. ते आधीं काढले पाहिजेत. तसेंच अधिक बोजाच्या कांहीं गाड्यांत ड्रम हा चाकाच्या तुंब्याशीं जोडलेला असतो व आंतील आंस आणि मोठा नट काढल्यावांचून तो येत नाहीं. आपली गाडी कोणत्या जातीची आहे हें तिच्या पुस्तकांत पाहून घ्यावें. पुढील विवेचन चकतीवर नुसत्या बसविलेल्या ड्रमाविषयीं आहे.

दोष ओळखण्याच्या तीन खुणा

ड्रम तीन कारणांनीं अडकतो, आणि प्रत्येकाची खूण निराळी आहे. हँडब्रेक सोडून व गाडी गिअरमधून काढून ड्रम हातानें फिरवून पाहावा, व नंतर बाहेर ओढून पाहावा.

पहिली खूण : ड्रम मुळींच फिरत नाहीं, किंवा फार जड फिरतो. याचा अर्थ शूंनीं त्यास आंतून धरलें आहे.

दुसरी खूण : ड्रम मोकळा फिरतो, परंतु बाहेर केसभरहि सरकत नाहीं. याचा अर्थ मध्यभागीं, आंसाच्या चकतीच्या कडेवर, तो गंजानें जखडला आहे.

तिसरी खूण : ड्रम फिरतो, थोडासा बाहेर येतो, आणि मग आंतून अडून परत जातो. याचा अर्थ ड्रमच्या आंतील कडेस कंगोरा पडला असून शू त्यास अडत आहेत.

जुन्या गाडींत दोन कारणें एकत्रहि असूं शकतात. अशा वेळीं एक दूर केल्यावर पुन्हां फिरवून व ओढून पाहावें.

शूंनीं धरलें असल्यास

प्रथम हँडब्रेकची केबल पाहावी. उसाच्या किंवा भाताच्या शेतांतील चिखलपाणी आणि खतांच्या पोत्यांतून सांडलेला क्षार यांनीं ती आपल्या नळींत गंजून बसते. मग आंतील दांडा सोडला तरी शू सुटत नाहींत. गाडीच्या खालीं केबल ताणण्याचा नट असतो, तो सैल करून केबल ढिली करावी. त्यानेंहि ड्रम सुटला नाहीं, तर शू जवळ घ्यावे लागतात. ड्रमच्या मागील पत्र्यास बहुधा रबराच्या बुचानें झांकलेली एक खांच असते. तींतून पाहिल्यास दांत्यांचें एक लहान चाक दिसतें. तें चपट्या स्क्रू-ड्रायव्हरनें फिरवल्यास शू जवळ येतात. जेथें हें चाक आपोआप जुळणारें असतें तेथें त्यावर एक पट्टी टेकलेली असते व ती त्याला उलट फिरूं देत नाहीं. ती पट्टी दुसऱ्या बारीक स्क्रू-ड्रायव्हरनें उचलून धरून मगच चाक फिरवावें. उलट दिशेनें फिरवल्यास शू अधिकच घट्ट होतात. म्हणून दोन-चार दांते फिरवून ड्रम हातानें हलवून पाहावा.

पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीचे लायनर ड्रमला गंजानें चिकटतात. अशा वेळीं ड्रमच्या कडेजवळ सभोंवार लाकडी हातोड्यानें हलके ठोके दिले असतां ते बहुधा सुटतात.

मध्यभागीं गंज धरल्यास

लोखंड गंजलें म्हणजे फुगतें. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. ड्रमचें मधलें भोंक चकतीच्या कडेवर आधींच नेमकें बसलेलें असतें. त्या बारीक फटींत गंज भरला म्हणजे जणूं चोहोंकडून पाचरी ठोकल्या जातात. येथें बळापेक्षां धीर अधिक उपयोगी पडतो. फटींत, आणि स्टड ड्रममधून बाहेर येतात त्या भोंकांभोंवतीं, गंज सोडविणारें पातळ तेल थोडें थोडें सोडावें व रात्रभर मुरूं द्यावें. तेल जपून घालावें. तें आंत लायनरवर गेल्यास ब्रेक घसरतो, व डिझेल किंवा रॉकेल सिलिंडरच्या रबरास लागल्यास रबर फुगून निकामी होतें.

पुष्कळ ड्रमांच्या तोंडावर आटे पाडलेलीं दोन भोंकें मुद्दाम ठेविलेलीं असतात. पुष्कळांस तीं स्क्रूंचीं रिकामीं भोंकें वाटतात. वस्तुतः तीं ड्रम उपटण्यासाठींच असतात. त्यांत योग्य आट्यांचे बोल्ट, बहुधा ८ मिलिमीटरचे, घालून ते आळीपाळीनें अर्धा अर्धा फेरा आवळावे. बोल्टांचीं टोकें चकतीवर टेकतात व ड्रम बाहेर ढकलला जातो. बोल्ट जड झाले म्हणजे थांबून स्टडांच्या मधल्या सपाट भागावर ठोका द्यावा, पुन्हां पाव फेरा आवळावा, पुन्हां ठोका द्यावा. एकच बोल्ट जोरानें आवळल्यास ड्रम तिरपा होऊन अधिकच अडकतो, किंवा आटे झडतात.

ठोका कोठें द्यावा हें महत्त्वाचें आहे. बीड कठीण असलें तरी ठिसूळ असतें. ड्रमच्या बाहेरील पातळ कडेवर मागून घणाचा घाव घातला कीं तिचा तुकडा उडतो, किंवा डोळ्यांना न दिसणारी चीर पडते. तुकडा उडालेला ड्रम निदान टाकून तरी दिला जातो. चीर पडलेला ड्रम पुन्हां गाडीवर चढतो व भरल्या बोज्याखालीं दगा देतो. स्टडांच्या टोकांवरहि घाव घालूं नये, कारण आटे बिघडतात.

यानेंहि न निघाल्यास उष्णतेचा उपाय आहे. बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव तापवून चढवितो तें तत्त्व हेंच. १०० मिलिमीटर व्यासाचें बिडाचें भोंक १०० अंशांनीं तापलें म्हणजे सुमारें ०.१ मिलिमीटरनें मोठें होतें, व गंजाची पकड सुटण्यास तेवढें पुष्कळदां पुरतें. मात्र गॅसची ज्योत वापरणें हें माहितगार कारागिराचेंच काम आहे. आंत रबर व ब्रेकचें तेल असतें, जवळ इंधनाची टांकी असते, आणि आधीं घातलेलें पातळ तेल पेट घेतें.

कंगोरा अडत असल्यास

लायनर जेथें घांसतात तेथें ड्रम वर्षानुवर्षें झिजतो. अगदीं कडेची पट्टी झिजत नाहीं, उलट तिच्यावर गंज चढतो. त्यामुळें आंत जणूं एक बांध तयार होतो. शू त्या बांधाच्या आंत असल्यामुळें ड्रम कितीहि ओढला तरी येत नाहीं, आणि बळानें ओढल्यास शूंच्या स्प्रिंगा व खिळे वांकतात. येथें घाव किंवा तेल यांचा उपयोग नाहीं. वर सांगितल्याप्रमाणें मागील खांचेतून शू पुरते जवळ घ्यावे, व ड्रम थोडा फिरवीत, दोन्ही बाजूंनीं सारखा धरून बाहेर काढावा.

दांत्यांचें चाकच गंजून बसलें असेल, तर शेवटचा उपाय राहतो. शूंना धरणाऱ्या खिळ्यांचीं चपटीं डोकीं मागील पत्र्यावर दिसतात. तीं छिन्नीनें तोडल्यास शू सुटे होऊन ड्रमसह बाहेर काढतां येतात. खिळे व स्प्रिंगा नव्या घालाव्या लागतात. परंतु त्यांची किंमत ड्रमच्या मानानें थोडी असते.

ड्रम निघाल्यावर

आंतील काळी धूळ तोंडानें किंवा पंपाच्या वाऱ्यानें उडवूं नये. जुन्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असूं शकतो, व त्याची धूळ फुप्फुसांत गेल्यास पुढें कर्करोग होतो. तोंडावर चांगला मुखवटा बांधून ओल्या फडक्यानें धूळ पुसावी व फडकें पिशवींत बांधून टाकावें. ड्रम बाहेर असतांना कोणीहि ब्रेकवर पाय देऊं नये, नाहींतर सिलिंडरमधील दट्टे बाहेर निघतात.

सिलिंडरवरील रबराची टोपी किंचित् उचलून आंत ओल आहे काय तें पाहावें. ओल असल्यास सिलिंडर बदलण्यास आला आहे. आंसाकडून घट्ट, दुर्गंधी तेल आलें असल्यास तेथील सील गेलें असें समजावें. तेलानें भिजलेले लायनर धुऊन वापरूं नयेत. रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत झिजलेले लायनर बदलावे, व ते दोन्ही चाकांचे एकदमच बदलावे. एकच बाजू नवी केल्यास ब्रेक दाबतांच गाडी एकीकडे ओढते. ड्रमवर त्याचा कमाल व्यास बहुधा उठविलेला असतो. कंगोरा लेथवर काढून घेतल्यावर व्यास त्याहून अधिक भरल्यास तो ड्रम मोडींत घालावा.

बसवितांना चकतीची कड व ड्रमचें भोंक तारेच्या ब्रशानें लख्ख करून कडेवर उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा अगदीं पातळ हात द्यावा. शू जुळवून ड्रम किंचित् घांसत फिरेल असा ठेवावा. चाकाचे नट समोरासमोरचे आवळावे, व पहिल्या फेरीनंतर पुन्हां तपासावे. ब्रेकची परीक्षा प्रथम आपल्या अंगणांत, मग रिकाम्या रस्त्यावर करावी. भरलेली गाडी घेऊन घाटांत करूं नये.

या सर्व खटपटीपेक्षां सोपा उपाय एकच आहे. दरवर्षीं पावसाळा संपतांच, खरिपाचा माल बाजारीं जाण्यापूर्वीं, दोन्ही ड्रम एकदां काढून साफ करावे. वर्षाकांठीं उघडला जाणारा ड्रम सहसा अडकत नाहीं, आणि आंतील दोष गाडी घाटांत चालतांना नव्हे तर अंगणांत उभी असतांना दिसून येतो.