पादचाऱ्याचा हक्क

मिरा-भाईंदरच्या हद्दीत काशिमिरा येथे घोडबंदरचा रस्ता राष्ट्रीय महामार्गास मिळतो, आणि महामार्गावरील वेगाची सवय जडलेला चालक तोच वेग स्टेशनकडे जाणाऱ्या भर वस्तीतल्या रस्त्यावर अजाणता घेऊन येतो, हेच मला तेथील धोक्याचे मूळ वाटते. ताशी ५० किलोमीटर वेगाने धावणारे वाहन एका सेकंदात सुमारे १४ मीटर अंतर कापते. म्हणजे संकट दृष्टीस पडून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एवढी वाट सरलेली असते. त्यापुढे थांबण्यास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, वेग दुप्पट झाला की ते चौपट होते, आणि पावसाळ्यात ओल्या डांबरावर त्याहूनही अधिक.

पादचारी-पट्ट्यांपाशी थांबून चालणाऱ्यास वाट द्यावी, असे मोटार वाहन चालनविषयक २०१७ चे विनियम फर्मावतात. परंतु उत्तनच्या अरुंद रस्त्यावर, जेथे मासळीची पाटी डोक्यावर घेतलेल्या कोळणीला मान वळवून मागे पाहणेही दुष्कर, तेथे पट्टे नसले तरी तिचा हक्क तोच समजावा. सायकलस्वार खड्डा चुकवताना अकस्मात उजवीकडे सरतो, म्हणून त्याच्यापासून निदान दीड मीटर अंतर राखावे. उभ्या मोटारीचे डावे दार आतील इसमाने उजव्या हाताने उघडावे. हॉलंडात रूढ असलेल्या या पद्धतीने धड आपोआप वळते व मागून येणारा सायकलस्वार वेळीच दिसतो.