ग्राहकाची माहिती, दुकानदाराची जबाबदारी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ग्राहकाची कोणती माहिती घ्यायची, कशासाठी घ्यायची, कुठे ठेवायची, कोणाला द्यायची आणि केव्हा पुसून टाकायची, हे आधी ठरवून ठेवणे म्हणजे व्यवसायाचे डेटा धोरण. 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्णय दिला. त्यानंतर सहा वर्षांनी ‘डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023’ आला आणि नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले.

हा कायदा बड्या कंपन्यांसाठी आहे, हा सर्वांत पसरलेला गैरसमज. कायद्यात उलाढालीची किंवा नोकरांच्या संख्येची कोणतीही किमान मर्यादा घातलेली नाही. माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो, तो जबाबदार. वर्धा जिल्ह्यात पुलगावला लागून असलेल्या नाचणगावासारख्या गावातले कृषी केंद्र, किराणा दुकान किंवा झेरॉक्सवाला उधारीचे खाते ॲपमध्ये लिहू लागला की तोही या व्याख्येत बसतो. काही व्यवसायांना ठरावीक तरतुदींतून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. मात्र ती सूट अधिसूचनेने मिळते, दुकान लहान आहे म्हणून आपोआप नाही.

निव्वळ कागदावरची उधारीची वही या कायद्यात येत नाही, हे खरे. पण त्याच पानाचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवला की ती माहिती डिजिटल झाली आणि कायदा लागू झाला.

भीती नेमकी कुठे बाळगावी, याबाबतही गफलत होते. अनुदानित खताची गोणी घेताना शेतकरी पॉस मशीनवर अंगठा ठेवतो आणि आपला ठसा दुकानदाराकडे राहिला, अशी शंका त्याच्या मनात येते. ठसा मशीनमध्ये साठवण्यास परवानगी नाही. तो सांकेतिक रूपात आधार प्राधिकरणाकडे पडताळणीला जातो आणि जुळला की नाही, एवढेच उत्तर परत येते. आधार अधिनियमानुसार बोटांचे ठसे कोणत्याही कारणासाठी कोणालाही देता येत नाहीत. खरा धोका असतो तो काउंटरच्या खणात पडलेल्या आधारच्या झेरॉक्समध्ये आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या तिच्या फोटोत. 2025-26 च्या हंगामापासून भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी ठेवली. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही तो ती दुसऱ्याच्या फोनवरून करून घेतो. नोंदणी आटोपते, पण आधार, सातबारा आणि पासबुकाचे फोटो त्या फोनच्या गॅलरीत तसेच राहतात. मदत करणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी काम झाल्यावर ते फोटो पुसायलाच हवेत. जिथे केवळ ओळख दाखवायची आहे तिथे शेवटचे चारच अंक दाखवणारे मास्क केलेले आधार चालते. ते प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून उतरवता येते.

सातबारा कोणालाही ऑनलाइन पाहता येतो, म्हणून शेतकऱ्याची सगळीच माहिती मोकळी, असाही एक तर्क ऐकू येतो. कायद्यानेच जाहीर करावी लागणारी माहिती अधिनियमाच्या कक्षेबाहेर आहे, एवढेच त्यात खरे. सातबाऱ्यावर मोबाइल क्रमांक नसतो, बँक खाते नसते, दुकानातली उधारीही नसते. हे सारे एकत्र करून केलेली यादी सार्वजनिक ठरत नाही.

संमतीविषयी गैरसमज दोन्ही टोकांचे आहेत. प्रत्येक बिलासाठी लेखी संमती घ्यावी लागेल, हे चूक. ग्राहकाने बिल मोबाइलवर मागून स्वतःहून क्रमांक दिला, तर बिल पाठवण्यापुरता तो वापरता येतो. औषधाच्या दुकानाचे असेच उदाहरण अधिनियमातच दिले आहे. पण एकदा क्रमांक मिळाला की तो आपलाच, हेही चूक. त्याच क्रमांकावर बियाण्याच्या जाहिराती पाठवायच्या किंवा तो एखाद्या कंपनीच्या प्रतिनिधीला द्यायचा, तर वेगळी संमती हवी. ती देणे जितके सोपे, तितकेच मागे घेणेही सोपे असले पाहिजे. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागते. इंग्रजी मसुदा इंटरनेटवरून उतरवून चिकटवला की धोरण झाले, हा समज त्यामुळेच टिकत नाही. मराठीत सूचना मागणे हा नाचणगावच्या ग्राहकाचा हक्क आहे.

“माहिती तर ॲपवाल्याकडे आहे, आमचा काय संबंध?” हा युक्तिवादही चालणार नाही. व्यावसायिकाने आपल्या कामासाठी दुसऱ्या कंपनीचे ॲप वापरले तरी ग्राहकाप्रति उत्तरदायी तोच राहतो. गळती झाली तर डेटा संरक्षण मंडळाला आणि प्रत्येक बाधित व्यक्तीला कळवावे लागते. मंडळाला सविस्तर तपशील 72 तासांत द्यायचा असतो.

ग्राहकाने सांगितले की सगळेच पुसावे लागते, असेही नाही. जीएसटीची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावी लागतात, त्यामुळे बिल राहते; जाहिरातीच्या यादीतले नाव मात्र काढावेच लागते. सर्व माहिती भारतातच साठवायची, हेही या कायद्यात नाही. तसे बंधन रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2018 मध्ये घातले, आणि तेही पैसे देण्याघेण्याच्या व्यवहारांच्या माहितीपुरते. या अधिनियमात सरकारने मनाई केलेले देश सोडून इतरत्र माहिती नेता येते.

250 कोटी रुपयांच्या दंडाचा आकडा ऐकून छोटा व्यापारी धसकतो. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दलची ती कमाल मर्यादा आहे; चुकीचे स्वरूप, गांभीर्य आणि कालावधी पाहून मंडळ रक्कम ठरवते. हा दंड नुकसान झालेल्या माणसाला मिळतो, हा समज मात्र साफ खोटा आहे. रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते. माहिती तंत्रज्ञान अधिनियमातले भरपाईचे कलम 43अ वगळण्याची तरतूद या कायद्यात आहे आणि त्याच्या जागी दुसरी सोय केलेली नाही. सामान्य माणसाच्या दृष्टीने ही या कायद्यातली मोठी उणीव आहे.

नियमांनुसार मंडळाची स्थापना लगेच आणि संमती, सूचना, सुरक्षा यांची मुख्य बंधने 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये, लागू होतात. तोवर 2000 चा माहिती तंत्रज्ञान अधिनियम आणि त्याखालचे 2011 चे नियम अमलात आहेत.