चार फुटांची चढण

श्रमाला प्रतिष्ठा मिळाली पाहिजे, असे आपण व्यासपीठावरून नेहमी ऐकतो. परंतु एखादे श्रमाचे काम नेमके कसे चालते, त्यात किती वजन किती उंचीवर न्यावे लागते, याचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो. ट्रकमध्ये माल भरणे व उतरविणे हे असेच एक काम आहे. ते रोज सर्वांच्या डोळ्यांसमोर चालते, म्हणूनच कदाचित त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

रेल्वेचा मालधक्का ज्यांनी पाहिला आहे त्यांना एक गोष्ट चटकन कळेल. तेथे जमीनच डब्याच्या दाराइतकी उंच केलेली असते. त्यामुळे माल उचलावा लागत नाही, हातगाडीवर घालून सरळ ढकलता येतो. मोठ्या शहरांतील गोदामांपुढे ट्रकसाठीही असा उंच ओटा असतो. आपल्या बीड जिल्ह्यात मात्र परळी-घाटनांदूरचा कोपरा सोडला तर दीर्घकाळ रेल्वेच नव्हती. बीड शहरात ती २०२५ च्या सप्टेंबरात आली. खत, सिमेंट, धान्य, सरकी सारे ट्रकनेच यायचे व जायचे. तलवाड्यासारख्या गावी ट्रक रस्त्यावरच दुकानापुढे उभा राहतो. त्याचा हौदा जमिनीपासून साधारण चार फूट उंच असतो. ही चार फुटांची चढण कोणी तरी चढावीच लागते.

उतराई त्यातल्या त्यात सोपी. चाकांना दगड लावून फाळका उघडतात. वरचे दोघे पोते कडेला ओढून आणतात. खालचा हमाल हौद्याकडे पाठ करून किंचित वाकून उभा राहतो, आणि पोते त्याच्या पाठीवर सरकते. येथे हौद्याची उंची हमालाच्या उपयोगी पडते. पोती एकाच बाजूने काढीत नाहीत, कारण भार एकीकडे गेला की गाडी कलते.

भराईचे गणित उलटे आहे. जमिनीपासून हौद्यापर्यंत लाकडी फळी लावतात. फळी बारा फूट लांब असेल तर दर तीन फुटांना एक फूट चढ पडतो. पन्नास किलोच्या पोत्यांचा दहा टन माल म्हणजे दोनशे पोती. चार हमाल असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला पन्नास खेपा, म्हणजे एकूण दोनशे फूट चढण. शिवाय पोत्याबरोबर स्वतःचे शरीरही वर न्यावे लागते. हमाल पन्नास किलो वजनाचा असेल तर प्रत्येक खेपेला शंभर किलो वर जातात, हे आपण विसरतो. ओटा असता तर ही चढण वाचली असती.

पूर्वी क्विंटलभराची पोती सर्रास उचलली जात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये शिफारस केली की, प्रौढ पुरुषाने वाहावयाचे ओझे ५५ किलोपेक्षा अधिक असेल तर ते लवकरात लवकर कमी करावे; स्त्रियांचे ओझे तर त्याहून बरेच कमी असावे. आपल्याकडे युरियाचे पोते २०१८ पासून ४५ किलोचे झाले. त्यामागचा हेतू खताचा वापर कमी करण्याचा होता. तरी पाठीला पाच किलोंचा दिलासा मिळाला तो मिळालाच.

महाराष्ट्राने या बाबतीत देशाला वाट दाखविली. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांना, तर पुण्यात बाबा आढाव यांनी हमालांना संघटित केले. १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. मजुरी मंडळात जमा व्हावी, मालकाने तिच्यावर लेव्ही भरावी आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधोपचार मिळावेत, अशी त्याची योजना आहे. ज्याला कायमचा मालक नाही अशा मजुरालाही हक्क असू शकतो, हे या कायद्याने मान्य केले.

परंतु आपल्या भागातील सर्वांत मोठी भराई बाजारात होतच नाही, ती होते उसाच्या फडात. हे मी ऐकीव लिहीत नाही. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिला. माझ्या आईवडिलांनी अनेक हंगाम फडातली फळी चढली आहे. तेथे डोक्यावर चुंबळ, तिच्यावर मोळी आणि पायाखाली हलणारी फळी. मोळी तीस किलोची धरली तरी दहा टनांना तीनशेहून अधिक मोळ्या लागतात. थर चढत जातो तशी चढणही चार फुटांची राहत नाही, ती दुपटीहून अधिक होते. ट्रक रात्री आला तर रात्रीच भरावा लागतो. तोच ऊस कारखान्यावर गेला की यंत्र तो साखळ्यांनी उचलून काही मिनिटांत रिकामा करते. उतरवायला यंत्र आहे, भरायला माणूस आहे.

तोडणे, साळणे, मोळ्या बांधणे आणि गाडी भरणे या सर्वांचा मिळून टनावर एकच दर ठरतो. जानेवारी २०२४ च्या करारात त्यात ३४ टक्के वाढ झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. तरीही नवराबायको मिळून एकच कोयता धरला जातो, आणि खाडा झाला की दंड बसतो. २०१९ मध्ये जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी शासनाला समिती नेमावी लागली. त्या प्रश्नाची कारणे अनेक आहेत. परंतु दुखणे अंगावर काढून फळी चढावी लागते, हे त्यांपैकी एक नाही असे कोण म्हणेल?

फड रोज बदलतो, म्हणून तेथे ओटा बांधता येणार नाही, हे खरे. पण आडव्या पट्ट्या ठोकलेली घसरू न देणारी फळी, रात्री पुरेसा उजेड, हलकी मोळी आणि भराईचा वेगळा दर या अशक्य गोष्टी नाहीत. बाजारात तर ओटा बांधणे चार फुटांच्या दगडमातीचे काम आहे. जेथे ती दगडमाती घातली जात नाही, तेथे तिची उणीव माणसाच्या मानेने भरून काढली जाते. श्रमप्रतिष्ठेवर भाषण करणाऱ्यांनी आधी ही उंची मोजावी, एवढीच नम्र विनंती.

(द्वितीय वर्ष, कला)