एका पालकाचे घर आणि शाळा

जळगावच्या विद्यापीठास बहिणाबाई चौधरी यांचे नाव २०१८ मध्ये देण्यात आले, हे श्रोत्यांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. जळगाव, धुळे व नंदुरबार येथील पदवीधरांच्या प्रमाणपत्रांवर जिचे नाव उमटते, त्या बाईस स्वतःस अक्षरओळख नव्हती. आसोद्याची ही लेक तिशीच्या सुमारास विधवा झाली. पदरी तीन मुले. त्यांतील ओंकारास प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आलेले. शेती व संसार यांचा भार वाहून तिने वाढविलेला सोपानदेव पुढे कवी म्हणून महाराष्ट्रास परिचित झाला. १९५२ मध्ये ग्रंथरूपाने आलेली आईची गाणी मुलाने व एका आप्ताने टिपून ठेवली होती, म्हणूनच तगली.

अशी उदाहरणे पाहून कित्येकांचा समज होतो की, आई खंबीर असली म्हणजे पुरे. हा समज मुलांच्या मुळावर येणारा आहे. खंबीरपणाने दिवसाचे तास वाढत नाहीत. घरात दोन मोठी माणसे आहेत असे धरूनच शाळेचा व्यवहार चालतो : एक कमावील, दुसरे अभ्यासाकडे पाहील, पालकसभेस जाईल, दाखल्यासाठी कचेरीत खेटे घालील. माणूस एकच असले म्हणजे दुसऱ्याचा वाटा मुलाच्या माथी येतो. जळगाव-धुळ्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत आई सकाळीच शेतात जाते; मग पाणी भरणे, भाकरी टाकणे व धाकट्यांस सांभाळणे थोरलीकडे येते. आई नसून बाप असला तर हा भार मुलीवर अधिकच लवकर पडतो. हजेरीपटात मात्र एवढेच दिसते की, मुलगी गैरहजर.

कागदांचे प्रकरण याहून अवघड. विधवेजवळ पतीच्या मृत्यूचा दाखला तरी असतो. टाकलेल्या बाईजवळ पुष्कळदा तोही नाही आणि घटस्फोटाचा हुकूमही नाही. जातपडताळणीस प्रायः वडिलांकडील आप्तांचे पुरावे लागतात. ज्या घराने दार लावून घेतले, त्याच दारी कागद मागावयास जावे लागते, आणि तेवढ्यात शिष्यवृत्तीची मुदत निघून जाते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावणे शासनाने बंधनकारक केले. गोष्ट चांगलीच; पण आधी जन्मलेल्या, आज शाळेत असलेल्या मुलांस तिचे बंधनकारक साहाय्य नाही. बालसंगोपन योजनेचे मासिक अनुदान २०२३ मध्ये १,१०० रुपयांवरून २,२५० झाले व एकच पालक असलेली मुलेही त्यास पात्र ठरू शकतात. परंतु अर्जापायी दिवसाची मजुरी बुडते, ती कोणी भरून देत नाही.

अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते. छात्रालयातील मुलांच्या खोल्या झाडणे, कपडे धुणे ही कामे ते स्वतः करीत. तीत माया होतीच; पण मुलांचा वेळही मोकळा होई, इकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. आजच्या शिक्षकाने इतके करावे असे कोणी म्हणणार नाही. सायंकाळी दोन तास वर्ग उघडा ठेवणे, पालकसभा मजुरीची वेळ टळल्यावर भरविणे आणि दाखल्यांचे अर्ज शाळेतच भरून घेणे, एवढे मात्र खानदेशातील कोणत्याही गावी होण्यासारखे आहे.