आधी प्लास्टिक, मग पुराण

खोक्यातून सैनिक निघत नाहीत. निघते राखाडी प्लास्टिकची चौकट, वहीच्या पानाएवढी. तिच्या आडव्या-उभ्या काड्यांना हात, पाय, बंदुका, शिरस्त्राणं, खांद्यांवरची गोल कवचं लटकलेली असतात आणि प्रत्येक तुकड्याशेजारी एक बारीक आकडा. तुकडा कटरनं सोडवायचा, साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथली शीर पात्याच्या उलट्या बाजूनं खरवडायची, मग गोंद लावायचा. हा गोंद नुसता चिकटवत नाही. तो प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवतो आणि दोन तुकडे एकजीव करतो, त्यामुळे वाकडा बसलेला हात थोड्याच वेळात कायमचा वाकडा होतो. बऱ्याच खटपटीनंतर हाती येतो तो अंगठ्याएवढा, चिलखतात जखडलेला, मानच नसल्यासारखा दिसणारा एक गडी. हा 'स्पेस मरीन'.

या गड्यामागे जे विश्व उभं आहे त्याचं नाव 'वॉरहॅमर ४०,०००'. खेळणाऱ्यांच्या तोंडी 'फॉर्टी के'. शेकडो कादंबऱ्या, डझनावारी व्हिडिओ गेम, आणि प्रत्येक सैन्याचं स्वतंत्र जाडजूड नियमपुस्तक. बाहेरून पाहणारा विचारतो की आधी वाचू काय? मग कुणीतरी त्याच्यापुढे ५४ भागांची कादंबरीमाला ठेवतं आणि तो बिचारा आल्या पावली परत जातो. माझं म्हणणं असं की हा रस्ताच उलटा आहे. या विश्वात आधी प्लास्टिक आलं, पुराण त्याच्या मागून आलं. शिरायचंही त्याच क्रमानं.

हे विश्व उभारणारी मंडळी आहेत इंग्लंडमधली. १९७५ साली लंडनमध्ये इयन लिव्हिंगस्टन, स्टीव्ह जॅक्सन आणि जॉन पीक या तीन मित्रांनी 'गेम्स वर्कशॉप' सुरू केलं. सुरुवातीचा माल म्हणजे लाकडी पट, बॅकगॅमन आणि तत्सम खेळांचे. मग अमेरिकेतून 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आणून विकण्याचा धंदा जोरात चालला. १९७९ मध्ये ब्रायन अॅन्सेल यांच्या साथीनं न्यूअर्कला 'सिटाडेल मिनिएचर्स' ही धातूचे छोटे सैनिक ओतणारी कंपनी निघाली. ओतलेले सैनिक लोक चार-दोन घेत. ते पन्नास-शंभरांच्या हिशोबात घ्यावेत, यासाठी त्यांना लढवण्याचे नियम हवे होते. म्हणून १९८३ मध्ये 'वॉरहॅमर' आला, तलवारी आणि जादूटोण्याचा. नियम हे सैनिक खपवण्याचं साधन होतं, आणि कंपनीनं ते फारसं लपवलेलं नाही.

छोट्या सैनिकांशी लढाई खेळणं त्या देशाला नवं नव्हतं. एच. जी. वेल्सनं १९१३ सालीच 'लिटल वॉर्स' हे घरातल्या जमिनीवर खेळायच्या युद्धाचं पुस्तक लिहून ठेवलं होतं. पुढच्याच वर्षी खरं महायुद्ध पेटलं. तो विषय वेगळा.

रिक प्रीस्टली नावाच्या तरुण लेखकाच्या डोक्यात मात्र अंतराळातला खेळ घोळत होता. तो १९८७ मध्ये बाहेर पडला, 'वॉरहॅमर ४०,००० : रोग ट्रेडर' या लांबलचक नावानं. चाळीस हजार हा आकडा इसवी सनाचा: आजपासून अडतीस हजार वर्षांनंतरचा काळ. त्यात काय नाही? टॉल्किनच्या वळणाचे ऑर्क आणि एल्फ यानात बसवले, 'ड्यून' कादंबरीतला सम्राट आणि धर्मयुद्धं उचलली, कादंबरीकार मायकल मूरकॉककडून 'केऑस'ची, म्हणजे अनागोंदीच्या शक्तींची, कल्पना घेतली, ब्रिटिश कॉमिक '२००० एडी'मधला काळा विनोद वरून शिंपडला. उसनवारी उघडी आहे, पण मिश्रण इतकं बेफाम की त्याला स्वतःची चव आली. जॉन ब्लॅंश या चित्रकारानं त्याला गॉथिक चर्चसारखं, कवट्या-मेणबत्त्यांनी भरलेलं, काजळी धरलेलं रूप दिलं. जेस गुडविन या शिल्पकारानं ते रूप हातात धरता येईल असं केलं. त्याच वर्षी एका खोक्यात तीस प्लास्टिक मरीन विकायला आले आणि शाळकरी मुलांनाही पलटण उभी करणं परवडू लागलं.

आता पुराण कसं जन्मतं ते पाहा. १९८८ मध्ये कंपनीला प्रचंड यंत्रमानवांच्या झुंजीचा 'अॅडेप्टस टायटॅनिकस' हा खेळ काढायचा होता. प्लास्टिकचा साचा महाग, त्यामुळे यंत्रमानवाचा नमुना एकच. खोक्यात सहाच्या सहा सारखे. मग दोन्ही बाजूंकडे तंतोतंत सारखं यंत्र कसं? उत्तर सापडलं: यादवी. सम्राटाचा लाडका सेनापती होरस फितूर झाला, निम्मं सैन्य त्याच्यामागे गेलं, भाऊ भावावर उठला. साच्याचा खर्च वाचवण्यासाठी सुचलेली ही सबब पुढे साऱ्या विश्वाची मूळकथा झाली. २००६ पासून तिच्यावर 'होरस हेरेसी' ही मालिका निघू लागली, ५४ भागांत पसरली, आणि यादवीतला शेवटचा वेढा तेवढा उरला म्हणून त्याची वेगळी मालिका काढावी लागली. ती २०२४ मध्ये संपली. पैसे नव्हते म्हणून सुचलेल्या गोष्टीनं एवढे पैसे मिळवून दिल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

कथेचा सांगाडा थोडक्यात असा. दहा लाख ग्रहांवर पसरलेलं मानवी साम्राज्य आहे. त्याचा सम्राट होरसशी लढताना घायाळ झाला आणि दहा हजार वर्षं एका सोनेरी सिंहासनावर ना मेलेला ना जिवंत असा बसून आहे. त्याची ज्योत तेवत राहावी म्हणून रोज हजार माणसांचा बळी जातो. तो स्वतःला देव म्हणवून घ्यायच्या विरुद्ध होता. आता त्याला देव न मानणाऱ्याला जाळतात. सभोवती शत्रूंची रांग: सजीवांच्याच वासनांतून उपजलेले केऑसचे चार देव, बुरशीसारखे बीजाणूंतून उगवणारे ऑर्क, आकाशगंगा कुरतडत येणारे टिरॅनिड, आणि थडग्यांतून उठलेले नेक्रॉन, ज्यांनी शरीरं देऊन धातूचं अमरत्व घेतलं.

मला यातले सगळ्यात गमतीचे वाटतात ते मंगळावरचे यंत्रपुरोहित. तंत्रज्ञान त्यांच्याकडे आहे, पण ते कसं चालतं हे कुणालाच धड आठवत नाही. म्हणून रणगाडा सुरू करण्याआधी धूप जाळतात, तेल शिंपडतात, मंत्र म्हणतात. नवा शोध लावणं हे पाखंड. इंग्रज लेखकांनी हे टवाळी म्हणून लिहिलं. दसऱ्याला लेथ मशीनला झेंडूचा हार घालणाऱ्या आपल्या वर्कशॉपवाल्याला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कदाचित कळणार नाही.

टवाळी हा शब्द महत्त्वाचा, कारण इथे अनेक जण घसरतात. साम्राज्य हे या कथेतलं नायकाचं घर नाही. ते माणसांनी उभारलेलं सर्वांत क्रूर राज्य आहे, असं पहिल्या पानापासून सांगितलेलं आहे. पण चिलखत देखणं, झेंडे भारी, आणि खोक्यावर साम्राज्याचा मरीनच वीरासारखा उभा. मग काहींना ती हुकूमशाही खरोखरच आवडू लागते. २०२१ च्या नोव्हेंबरात कंपनीला जाहीर निवेदन काढून सांगावं लागलं की हा उपहास आहे आणि द्वेषाची चिन्हं मिरवणाऱ्यांना आमच्या कार्यक्रमांत जागा नाही. माझ्या मते दोष थोडा त्यांचाही आहे. उपहासातले खलपुरुष चाळीस वर्षं सगळ्यात देखण्या खोक्यांत विकल्यावर उपहास पातळ होणारच.

असो. खेळाकडे येऊ.

टेबल, त्यावर मोडक्या इमारती, दोन्ही बाजूंना सैन्यं, मूठभर साधे सहा बाजूंचे फासे आणि इंचांची मोजपट्टी. पटावर घरं नाहीत. अंतर मोजून हलायचं. पाळी आली की हुकूम, चाल, गोळीबार, धाव आणि हातघाई असे टप्पे, आणि अशा पाच फेऱ्या. २०२३ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीतला एक गोळीबार पाहू. पाच मरीन, प्रत्येकाच्या दोन गोळ्या: दहा फासे टाका. नेम लागायला तीन किंवा वर हवेत. साधारण सहा-सात लागतात. मरीनच्या बंदुकीचं बळ चार, ऑर्कचा चिवटपणा पाच. बळ कमी, म्हणून जखम व्हायला पाच किंवा सहा हवेत, उरले दोन. आता समोरचा खेळाडू चिलखताचे फासे टाकतो. ऑर्कचं चिलखत एरवी पाचावर वाचवतं, पण ही गोळी ते एकानं कमकुवत करते, म्हणून सहाच हवा. सरासरीनं दोनाला थोडे कमी ऑर्क पडतात. समोर वीस उभे आहेत आणि पुढच्या पाळीत ते अंगावर येणार आहेत.

खेळाचं सगळं मर्म या तीन वेळा फासे टाकण्यात आहे. पहिल्यांदा तुमची आशा, दुसऱ्यांदा तिची छाटणी, तिसऱ्यांदा फासे समोरच्याच्या हातात. संगणकानं हे क्षणार्धात केलं असतं. पण तिसऱ्या वेळी त्यानं सहा टाकला की टेबलाभोवतीच्या सगळ्यांचा जो आवाज निघतो, तो संगणकावर निघत नाही.

तरीही खेळणं हा या छंदाचा लहान भाग आहे. बरेच जण वर्षभरात मोजक्याच लढाया खेळतात. बाकीचा वेळ रंगवण्यात जातो. क्रम ठरलेला: प्रायमरचा हलका फवारा, मग मूळ रंग, मग सगळ्या अंगावर पातळ गडद द्रव, तो खाचांत उतरतो आणि सावल्या आपोआप पडतात. त्या काळ्या द्रवाची 'नल्न ऑइल' नावाची बाटली या जमातीत जवळजवळ पूज्य आहे. शेवटी कोरड्या ब्रशनं कडांवर फिकट रंग ओढायचा. डंकन ऱ्होड्स हा शिक्षक व्हिडिओतून वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगत आला: रंग पाण्यानं पातळ करा, एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ द्या. चिलखताच्या रेषा बुजलेले सैनिक पाहिले की त्याचं म्हणणं पटतं.

मुंबई-कोकणातल्या वाचकाला इंग्रजी मार्गदर्शिका सांगत नाहीत ती गोष्ट अशी की पावसाळ्यात फवाऱ्याचा प्रायमर वापरू नये. दमट हवेत तो भुकटीसारखा खरखरीत बसतो आणि सैनिक वाळूत लोळून आल्यासारखा दिसतो. जून ते सप्टेंबर ब्रशनं लावायचा प्रायमर घ्यावा. आणि कोणताही स्प्रे आधी रिकाम्या चौकटीवर मारून पाहावा; तेवढ्यासाठी तरी त्या काड्या टाकून देऊ नयेत.

पैशाचं मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. छंद महाग आहे. मिनिएचर नॉटिंगहॅमच्या कारखान्यात बनतात, आपल्यापर्यंत पोचेस्तोवर वाहतूक आणि आयातकर चढतो. खेळाची आवृत्ती २०१७, २०२० आणि २०२३ मध्ये बदलली, म्हणजे नियमपुस्तकं तीन वर्षांत जुनी होतात. जगात याचे गिऱ्हाईक एवढे आहेत की डिसेंबर २०२४ मध्ये गेम्स वर्कशॉप लंडन शेअर बाजाराच्या पहिल्या शंभर कंपन्यांत, एफटीएसई १०० मध्ये, जाऊन बसली. बँका आणि तेलकंपन्यांच्या शेजारी खेळण्यातले सैनिक.

म्हणून सुरुवात लहान करावी. खेळात प्रत्येक तुकडीला ठराविक गुण असतात; दोन हजार गुणांची मोठी फौज हे ध्येय ठेवलं, तर अर्धी खोकी न उघडताच माळ्यावर जातात. या लोकांत त्या ढिगाला 'शरमेचा ढीग' असंच म्हणतात. त्यापेक्षा 'किल टीम' घ्या. मूठभर सैनिक, जेवणाच्या टेबलावर मावणारा पट, एका संध्याकाळी संपणारा डाव. किंवा दोघांत मिळून दोन 'कॉम्बॅट पॅट्रोल' खोकी घ्या. त्यांतली सैन्यं एकमेकांशी लढता येतील अशी आधीच जुळवलेली असतात. सैन्य निवडताना कोण बलवान हे पाहू नका. ताकद दर सुधारणेला बदलते; तोंडवळा बदलत नाही, आणि तो तुम्हाला तासन्‌तास भिंगाखाली पाहायचा आहे.

उदाहरण म्हणून अंतराळातल्या बुटक्यांचं, 'स्क्वॅट' मंडळींचं पाहा. १९८७ पासून ते होते, नव्वदच्या दशकात कंपनीनं त्यांना गुपचूप विश्वातून काढून टाकलं आणि 'स्क्वॅट होणं' हा वाक्प्रचारच रूढ झाला. २०२२ मध्ये ते 'लीग्ज ऑफ व्होटान' या नव्या नावानं परत आले. ज्यांना ते आवडत होते त्यांनी मधल्या काळातही त्यांची शिशाची फौज विकली नव्हती.

वाचायचंच असेल तर होरसला हात लावू नका. डॅन अॅबनेटची 'झेनॉस' घ्या, २००१ ची. साम्राज्याच्या एका तपास-अधिकाऱ्याची हेरकथा, पूर्वज्ञान लागत नाही. किंवा रॉबर्ट रॅथची 'द इन्फिनिट अँड द डिव्हाइन': दोन अमर नेक्रॉन एका वस्तूवरून हजारो वर्षं भाऊबंदकीतल्यासारखे भांडतात. भांडणाचं कारण मागे पडतं, खुन्नस तेवढी उरते.

पहिल्या लढाईत नियम विसरतील, आणि समोरचा अनुभवी असेल तर तो आठवण करून देईल. तसा रिवाज आहे. चाल करण्याआधी काय करायचंय ते मोठ्यानं सांगावं, अंतर समोरच्याच्या देखत मोजावं, टेबलाखाली पडलेला फासा पुन्हा टाकावा. फासे कुठल्याही ल्यूडोच्या डब्यातले चालतात. टेप मात्र इंचांचा लागतो, शिंप्याचा चालेल.