एक मशीन, दोन मालक

दुपारी तीनला हिशेबाच्या टेबलावरची स्क्रीन एकदम लॉक होते. व्हाउचर अर्धवट, चहा निवत चाललेला. घरून कुणीतरी त्याच खात्याने आत शिरलंय! विंडोज प्रोमध्ये एका वेळी एकच सत्र चालतं. रिमोटवाला आत, खुर्चीतला बाहेर. सर्व्हर आवृत्तीत मात्र प्रत्येकाला वेगळं सत्र मिळतं. गंमत म्हणजे काम सगळं ऑफिसातल्या मशीनवरच होतं. घरी येतं ते पडद्याचं चित्र, घरून जातात त्या फक्त कळा आणि माउसच्या हालचाली.

वाटणीची ही कटकट जुनीच. फर्नांदो कोर्बातो यांनी १९६१ मध्ये एमआयटीत एक संगणक अनेकांना वाटून दिला, फायली खासगी राहाव्यात म्हणून पासवर्डही आणले. १९६६ मध्ये त्याच यंत्रणेवर दोघे एकाच वेळी संपादन करत होते, एक पासवर्डची फाइल, दुसरा रोजची सूचना; तात्पुरत्या फाइलचं नाव मात्र एकच. लॉगिन करणाऱ्यांना रोजच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसले.